जिग आणि कारागीर

भोसरीच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या लहानशा वर्कशॉपांत गेलें, तर ड्रिलच्या यंत्रापाशीं एक ओबडधोबड लोखंडी वस्तु दृष्टीस पडते. तिला जिग म्हणतात. भोंक पाडावयाचा तुकडा तिच्यांत बसविला, कीं तो हालत नाहीं. आणि ड्रिलला वाट दाखविणारा कडक पोलादाचा बुश तिच्यांत असल्यामुळें भोंक दर वेळीं नेमक्या त्याच जागीं पडतें. पांचशें तुकडे करावयाचे असतील, तर जिगवांचून चालत नाहीं. एकच तुकडा हवा असेल, तर मात्र शहाणा कारागीर मोजून खूण करतो आणि हातानें काम उरकतो. कारण जिग बनविण्याचे श्रम त्या एका तुकड्याच्या श्रमांहून अधिक असतात.

हा साधा हिशेब याच पट्ट्यांतील एका निराळ्या धंद्यासहि लागू पडतो. तो धंदा वेब डेव्हलपरचा.

पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें आणि या भागांतील माळांवर यंत्रांची घरघर वाढत गेली. पुढें चाकणला मोठमोठे मोटार-कारखाने आले आणि हा पट्टा उत्तरेकडे लांबला. या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान वर्कशॉपाचें पोट वेळेवर अवलंबून असतें. ठरल्या वेळीं ठरलेले नग बिनचूक चलानासह पोंचले पाहिजेत. भागाचा क्रमांक चुकला, तर भरलेला टेंपो फाटकावरून परत फिरण्याची पाळी येते. म्हणून मालकानें ओळखीच्या एखाद्या पदवीधर तरुणास ‘आमच्या चलानांचा कांहीं तरी बंदोबस्त कर’ असें सांगावें, आणि त्यानें पीएचपी ही भाषा हातीं धरावी, हें येथें नवलाचें नाहीं. असाच एक तरुण श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावा.

पीएचपीचा जन्महि अशाच घरगुती गरजेंतून झाला. रॅस्मस लेरडॉर्फ यांनीं १९९४ सालीं स्वतःच्या वेब-पानासाठीं कांहीं छोटीं साधनें लिहिलीं आणि १९९५ च्या जून महिन्यांत तीं जगास मोकळीं करून दिलीं. झीव सुरास्की व अँडी गटमन्स या दोघां विद्यार्थ्यांनीं तिचा गाभा नव्यानें लिहिला, आणि १९९८ सालीं तिसरी आवृत्ति बाहेर पडली. या भाषेचा मोठा गुण असा, कीं ती पहिल्याच दिवशीं फळ देते. साध्या पानांत चार ओळी घालाव्या, स्वस्त भाड्याच्या सर्व्हरवर ठेवाव्या, कीं पान बोलूं लागतें. आपल्या तरुणानेंहि आठवड्याभरांत चलानाचें पान उभें केलें, आणि मालक प्रसन्न झाला.

पुढें एके दिवशीं भांडारांतील कारकुनानें सहा फुटी नळीची नोंद करतांना आंकड्यापुढें फुटाचें एकेरी चिन्ह घातलें, आणि पान बंद पडलें. डेटाबेसला दिलेल्या आज्ञेंत तेंच चिन्ह मजकुराची समाप्ति दाखवितें; त्यामुळें आज्ञा मध्यें तुटली. कारकुनाच्या हातून येथें केवळ घोटाळा झाला. परंतु जेथून निष्पाप चिन्ह शिरूं शकतें, तेथूनच दुष्ट हेतूनें लिहिलेली आज्ञाहि शिरूं शकते, आणि सारें भांडार पुसूनहि टाकूं शकते. तरुणाची झोंप उडाली ती या विचारानें.

अशा वेळीं माणूस फ्रेमवर्काकडे, म्हणजे आयत्या चौकटीकडे वळतो. केकपीएचपी व सिम्फनी या चौकटी २००५ सालीं, कोडइग्नायटर २००६ सालीं, तर टेलर ऑटवेल यांची लाराव्हेल २०११ सालीं पुढें आली. या चौकटींची साधारण रीत एकच: डेटाबेसशीं बोलणारा भाग एकीकडे, डोळ्यांना दिसणारें पान दुसरीकडे, आणि दोहोंमध्यें निरोप पोंचविणारा भाग तिसरा. त्यांच्या ठराविक मार्गानें गेल्यास बाहेरून आलेला मजकूर आज्ञेंत मिसळत नाहीं. फुटाचें चिन्ह निमूटपणें चिन्हच राहतें. कोडइग्नायटर लहान व सुटसुटीत म्हणून लौकर हातीं बसते. सिम्फनी शिस्त फार मागते. लाराव्हेल पुष्कळ कामें पडद्याआड आपणच उरकते. नवशिक्यास ती जादू वाटते, आणि येथेंच दुसरा धडा सुरू होतो.

दोनशें चलानांची यादी व प्रत्येकापुढें गिऱ्हाईकाचें नांव, एवढें साधें पान. तें उघडावयास वेळ कां लागतो, हें त्या तरुणास कळेना. शोध घेतां दिसून आलें, कीं चौकट आधीं यादी मागते आणि मग प्रत्येक गिऱ्हाईकासाठीं डेटाबेसचें दार निराळें ठोठावते. एका पानासाठीं दोनशें एक खेपा. सारीं नांवें एकदम मागवावयाची सोय त्याच चौकटींत होती. परंतु खेपा होत आहेत हेंच ज्याला ठाऊक नाहीं, तो ती सोय कशास शोधील?

याहून विलक्षण गोष्ट भागांच्या क्रमांकांची. पीएचपीमध्यें दोन बरोबरीचीं चिन्हें देऊन तुलना केली, तर आंकड्यांसारखे दिसणारे मजकूर ती आंकडे समजूनच ताडून पाहते. एक, इंग्रजी ई अक्षर आणि तीन असा एका भागाचा क्रमांक असेल आणि दुसऱ्याचा १०००, तर तिच्या लेखीं दोन्ही सारखेच. कारण शास्त्रीय लेखनपद्धतींत पहिल्याचाहि अर्थ एक हजार होतो. २०२० च्या आठव्या आवृत्तींत तुलनेचे नियम पुष्कळ सुधारले, तरी ही गोष्ट तशीच राहिली. तीन बरोबरीचीं चिन्हें घालणें हा तिच्यावरचा उपाय. देवनागरीचेंहि तेंच. ‘पिंपरी’ हीं डोळ्यांना तीन अक्षरें. यूनिकोडांत तीं सहा चिन्हें होतात, आणि यूटीएफ-८ या रीतीनें सांठवितांना अठरा बाइट लागतात. भाषेचें साधें मोजमाप अठरा सांगतें. त्या मापानें चिठ्ठीवरचें नांव कापलें, तर शेवटीं तुटका कचरा छापला जातो. या खोड्या मूळ भाषेच्या आहेत. चौकट बदलून त्या जात नाहींत.

शिवाय काळ कोणासाठींच थांबत नाहीं. मायएसक्यूएल या डेटाबेसशीं बोलण्याचीं जुनीं फंक्शनें २०१५ च्या सातव्या आवृत्तींत काढून टाकण्यांत आलीं. ज्यांनीं तीं पानोंपानीं विखुरलीं होतीं, त्यांचीं पानें नव्या सर्व्हरवर मुकीं झालीं. ज्यांचें बोलणें चौकटीच्या एकाच दारानें होत होतें, ते थोडक्यांत सुटले. पण चौकटीहि म्हाताऱ्या होतात. कोडइग्नायटरची चौथी आवृत्ति २०२० सालीं मुळापासून नवी लिहून आली, तेव्हां तिसरीवर उभारलेलें काम नुसतें उचलून तिच्यांत ठेवतां येईना.

तेव्हां मालकानें ‘चौकट कोणती वापरणार?’ हा प्रश्न दुसरा विचारावा. पहिला प्रश्न असा, कीं हा तरुण उद्यां गांव सोडून गेला, तर त्याचें काम दुसऱ्यास वाचतां येईल काय? मान्य चौकटींत लिहिलेलें काम त्या बाबतींत बरें; कोठें काय सांपडेल हें नव्या माणसास आधींच ठाऊक असतें. आणि तरुणानें स्वतःपुरता नेम करावा, कीं एक लहान काम प्रथम निव्वळ भाषेंत, हातानें, शेवटपर्यंत करावयाचें, आणि मग चौकट घ्यावयाची. म्हणजे चौकट कोणते श्रम वांचविते आणि कोणते नुसते झांकते, हें त्याला दिसूं लागतें.

भोसरींतील जिगचा बुशहि हजारों भोंकांनंतर झिजतो, आणि भोंक केसभर सरकूं लागतें. जिग तें सांगत नाहीं. ज्याला ड्रॉइंग वाचतां येतें आणि जो मधून मधून व्हर्नियर लावून पाहतो, त्या कारागिराच्याच तें ध्यानांत येतें, आणि टेंपो भरण्यापूर्वीं तो यंत्र थांबवितो.