गाणं येतं कुठून?

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातलं हे मनोगत. सभासदांच्या आग्रहावरून इथे छापत आहोत.)



सोसायटीत माझ्याबद्दल दोन समज आहेत. एक, मी सिनेमात गाते. दुसरा, मी दिवसभर घरीच असते. दोन्ही खरे नाहीत. मी स्वतंत्रपणे गाणी करते. म्हणजे शब्द माझे, चाल माझी, गळा माझा आणि खर्चही माझाच. मागे कंपनी नाही, निर्माता नाही. गाणं तयार झालं की इंटरनेटवर चढवायचं आणि कुणी ऐकतंय का ते बघत बसायचं. पोट भरतं ते पेटीच्या शिकवण्यांवर आणि लहानसहान कार्यक्रमांवर. पूर्वी सिनेमासाठी लिहिणाऱ्या, चाली देणाऱ्या मंडळींचे हक्क बहुतेक वेळा निर्मात्याकडे किंवा कंपनीकडे जायचे. 2012 साली कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने पक्का झाला. माझ्यासारखीचा प्रश्न वेगळा असतो. हक्क सगळे माझेच असतात, पण गाण्यात जे आहे ते माझं असतंच असं नाही. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

'तुला सुचतं कसं गं?' असं मला लिफ्टमध्ये नेहमी विचारतात. खरं सांगू, मला फारसं सुचत नाही. मला ऐकू येतं.

'बोगदा' हे माझं गाणं तुमच्यापैकी काही जणांनी ऐकलंय. आपण डोंबिवलीकर, तेव्हा ते कुठून आलं हे सांगायची गरज नाही, तरी सांगते. मी नोकरी करत होते तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. 1916 सालचा बोगदा, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. मी लेडीज डब्यात, जाळीच्या कडेला. जाळीच्या पलीकडे पुरुषांच्या डब्यात रोजचं भजनी मंडळ. कळवा मागे पडलं की बायका मटार सोलत असायच्या, कुणी डुलक्या काढत असायची, आणि गाडी एकदम अंधारात शिरायची. बोलणं आपोआप थांबायचं. पण पलीकडे भजन थांबायचं नाही. उलट बोगद्याच्या भिंतींवरून टाळांचा आवाज परत यायचा आणि आठ मात्रांच्या ठेक्याला सोळा मात्रांचं अंग यायचं. आवाजाला घुमारा आणायला लोक स्टुडिओत पैसे मोजतात. मी तो महिन्याच्या पासात ऐकला.

ते गाणं मी तसंच बांधलं. दोन कडवी उजेडातली, भरभर, बडबडी. मध्ये मिनिटभर शब्दच नाहीत, फक्त टाळ आणि घुमारा. मग एकदम उजेड. एका जाणकारांनी सांगितलं, 'मधला भाग कापा, लोक पुढे ढकलतात.' ढकलू देत. बोगदा कापला तर मुंब्रा येणार कसं?

दुसरं गाणं 'दळण'. त्याची गोष्ट जरा लांबेल, कारण ती ज्यांची आहे त्या आजी आज आपल्यात नाहीत. बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, मूळच्या मावळातल्या. दुपारी जिन्यात तांदूळ निवडत बसायच्या आणि स्वतःशीच काही म्हणत असायच्या. मी एकदा शेजारी जाऊन बसले. त्या जात्यावरच्या ओव्या होत्या.

ओवीची चाल चार-पाच सुरांत फिरते. ऐकायला सोपी, म्हणायला गेलं की कळतं. मी घरी कॉम्प्युटरवर ठोका लावला, आजींचा आवाज रेकॉर्ड केला, आणि बसेचना. आजी प्रत्येक वेळी कुठेतरी थोडं लांबवायच्या. मला वाटलं, वय झालं, ठोका सुटत असेल. त्यांना विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, 'अगं, एका हातानं खुंटा वढायचा, दुसऱ्या हातानं मूठ घालायची. मूठ घालताना हात हलका व्हतो, मग गाणं बी हलकं व्हतं. तुज्या डब्याला दळायचं कुठं ठावं हाय?' त्या दिवशी मी ठोका काढून टाकला. गाण्याची लय दाण्याच्या मुठीवर ठरत होती आणि मी ती यंत्राच्या टिकटिकीत शोधत होते. समोरासमोर दोघी बसल्या की एक म्हणते आणि दुसरी उचलते, तेही त्यांनीच शिकवलं. 'दळण'मध्ये दुसरा आवाज माझा आहे. पहिला त्यांचा.

हेमा रायरकर आणि गी पॉयतवाँ या दोघांनी 1980च्या दशकापासून गावोगावी बायकांकडून अशा ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. त्यातल्या कितीतरी मुळशी तालुक्यातल्या आहेत, म्हणजे आजींच्या माहेराच्या शेजारच्याच. आज त्या 'पारी' या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावासकट वाचता आणि ऐकता येतात. गावात विजेची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. बायकांचे खांदे सुटले हे चांगलंच झालं, त्याबद्दल मला हळहळ करायची नाही. पण पहाटे दार लावून सासूबद्दल, भावाबद्दल, नवऱ्याबद्दल मनातलं म्हणायची जागाही त्याबरोबर गेली.

गाणं चढवताना एक फॉर्म भरावा लागतो. त्यात रकाना असतो : गीतकार कोण? मी आजींना विचारलं, तुमचं नाव लिहू? त्यांनी दोन्ही हात हलवले. 'ते काय माजं हाय? माज्या आईचं बी न्हाय. जात्याचं नाव लिही.' फॉर्ममध्ये जात्याची सोय नाही. शेवटी गीत 'पारंपरिक' लिहिलं आणि गायिका म्हणून त्यांचं नाव माझ्या आधी घातलं. ओवीला मालक नसला तरी गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क कायद्यात असतो, हे फार कुणाला माहीत नसतं. पैशांची वाटणी अर्धी-अर्धी. पहिल्या वर्षी त्यांच्या वाट्याला जे आलं त्यात त्यांनी खाली खेळणाऱ्या सगळ्या पोरांना पेरू आणले. तुमच्यातल्या काहींनी ते खाल्लेत, कशाबद्दल होते ते आज कळलं.

आता थोडं हलकं. कमिटीकडून मला एकदा पत्र आलं होतं. रात्री दहानंतर पेटी वाजते म्हणून. पत्र नियमाला धरून होतं. 2000 सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. तेव्हापासून मी बेडरूमचं कपाट उघडून, दोन गाद्या उभ्या करून, त्यांच्या मध्ये बसून गाते. सगळी लॉकडाऊनची गाणी तिथली आहेत. लोक म्हणतात, या गाण्यांमध्ये फार जवळून बोलल्यासारखं वाटतं. वाटणारच, रजयांमध्ये तोंड खुपसून गायलंय.

त्याच कपाटात केलेलं एक गाणं मी कुठेही चढवलेलं नाही. त्याबद्दल बोलायची परवानगी मी घेतलेली आहे. ज्यांची घेतली त्या सी विंगमधल्या काकू इथे बसल्या आहेत. त्यांच्याकडे वळून बघू नका, प्लीज.

एप्रिल 2021. आपल्या सगळ्यांना तो महिना आठवतो. काकांना न्यायला ॲम्ब्युलन्स आली तेव्हा आपण सगळे बाल्कनीत उभे होतो. खाली कुणालाच जाता येत नव्हतं. आपल्या जुन्या लिफ्टचं जाळीचं दार उघडं ठेवलेलं होतं आणि त्यातली बाई सांगत होती, कृपया दरवाजा बंद करा. मग ती धून. मग पुन्हा बाई. तिन्ही विंगमध्ये दुसरा आवाज नव्हता. काका परत आले नाहीत.

महिनाभर ते माझ्या कानातून जाईना. बाईचं बोलणं संपलं की धून सुरू व्हायच्या आधी एक छोटीशी फट असायची, श्वासाएवढी. त्या फटीतून चाल सुरू झाली. शब्दही झाले. त्यात दाराबाहेर राहिलेल्या चपला होत्या. काकूंनी त्या वर्षभर उचलल्या नव्हत्या, सी विंगच्या सगळ्यांना माहीत आहे.

मी गाणं फोनमध्ये घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. त्यांनी गॅस बंद केला, सगळं ऐकलं. म्हणाल्या, 'छान झालंय गं. पण हे आमच्या घरातलं आहे. उद्या रिक्षात बसले आणि ड्रायव्हरच्या मोबाइलवर हे लागलं, तर मी कुठे बघू?'

माझ्या क्षेत्रातल्या एका मित्राचं म्हणणं पडलं की, नाव घातलेलं नाही, पत्ता नाही, दुःख सगळ्यांचंच होतं, मग अडचण काय? मला ते पटलं नाही. नाव गाळलं म्हणून माणूस लपत नाही. ज्याच्या दारात त्या चपला होत्या त्याला पहिल्या ओळीतच कळतं. आणि सगळ्यांचं दुःख म्हणताना ते ज्याचं आहे त्याला विचारायचं राहूनच जातं. लिहिणाऱ्याने वाटेल ते लिहावं, वहीत. माझ्या सगळ्या गाण्यांत कदाचित हे सर्वांत बरं झालेलं आहे, त्यामुळे ते बाहेर न काढण्याचा त्रास मला होतो, अजूनही होतो. पण 'बोगदा' रेल्वेला विचारून केला नाही आणि हे काकूंना विचारून केलं, यात फरक आहे.

गेल्या दिवाळीत त्यांनी मला फराळाचं ताट देताना आपण होऊन विचारलं, 'ती चाल आहे का गं अजून?' पेटीवर वाजवून दाखवली. दोनदा वाजवायला लावली. म्हणाल्या, 'एवढी चालेल. शब्द नको.'

तर आता क्रम असा : आधी 'बोगदा', टाळांना ए विंगचं भजनी मंडळ आहे. मग 'दळण', त्यात आजींचा आवाज स्पीकरवरून येईल, मी दुसरा आवाज लावीन, ज्यांना येईल त्यांनी उचलायचं. आणि शेवटी ती चाल, नुसती पेटीवर. त्यानंतर टाळ्या नका वाजवू, सरळ जेवणाकडे वळा. कुणीतरी पेटी जरा पुढे सरकवा, आणि लिफ्ट बंद आहे ना तेवढं बघा.