काळोखाच्या लेकीची गोष्ट
(युवक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मुलांच्या वाचनाविषयी बोलावे, असे संयोजकांनी आम्हास कळविले होते. पुराणांतल्या गोष्टी मुलांच्या हाती द्याव्यात की देऊ नयेत, यावर आपल्या घरांतून वाद होतात, हे आम्हास ठाऊक आहे. म्हणून आज एका जपानी लेखिकेविषयी बोलतो. नोरिको ओगिवारा हे त्यांचे नाव. जन्म टोकियोचा, १९५९ सालचा. शिक्षण वासेदा विद्यापीठात झाले. कुमारवयीन वाचकांसाठी त्या अद्‌भुत कादंबऱ्या लिहितात, आणि त्यांचे मूळ जपानच्या पुराणकथांत असते.

त्या कथा ज्या ग्रंथात आहेत त्याचे नाव ‘कोजिकी’. इ.स. ७१२ मध्ये तो राजदरबारी सादर झाला. त्यात इझानागी आणि इझानामी हे आद्य जोडपे आहे. अग्नीला जन्म देताना इझानामी मरते. नवरा तिला आणायला मृतांच्या देशात जातो. पण तिचे कुजलेले शरीर दिसताच पळ काढतो आणि वाटेवर धोंडा लोटून तोंड बंद करतो. पुढे तो नदीवर स्नान करतो, तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्यातून सूर्यदेवी अमातेरासु, उजव्या डोळ्यातून चंद्रदेव आणि नाकातून सुसानोओ जन्मतात. या सूर्यदेवीच्या वंशातच सम्राट जन्मले, असे ग्रंथ सांगतो.

आता ही नुसती आजीची गोष्ट राहिली असती तर कोणाचे काही बिघडले नसते. परंतु महायुद्धापूर्वी जपानी शाळांत देशाचा इतिहास म्हणून मुलांना ती शिकविली जात असे. सम्राट देववंशी, म्हणून त्याची आज्ञा मोडायची नाही, असा तो धडा. वासेदाचेच एक प्राध्यापक सोकिची त्सुदा यांनी, या कथा राजघराण्याच्या अधिकारास आधार देण्यासाठी रचल्या गेल्या आहेत, असे अभ्यासाने मांडले. १९४० साली त्यांच्या पुस्तकांवर बंदी आली, नोकरी सोडावी लागली, आणि १९४२ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. युद्ध हरल्यावर मात्र मुलांनी आपल्याच क्रमिक पुस्तकांतील ओळी शाईने काळ्या केल्या. १ जानेवारी १९४६ रोजी खुद्द सम्राटाने आपल्या देवत्वाची कल्पना खोटी असल्याचे जाहीर केले. ज्या गोष्टींपायी एवढे घडले, त्यांचे पुढच्या पिढीने करायचे काय?

ओगिवारा यांनी १९८८ साली, आपल्या पहिल्याच कादंबरीत, त्या गोष्टी पुन्हा हाती घेतल्या. ‘सोराइरो मागातामा’ हे तिचे नाव. मागातामा म्हणजे कोयरीच्या आकाराचा प्राचीन मणी. सोराइरो म्हणजे आकाशी रंगाचा. कॅथी हिरानो यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले, ते १९९३ मध्ये निघाले.

कादंबरीत प्रकाशदेवाची लेकरे आणि काळोखदेवीची माणसे यांचे युद्ध चालू आहे. साया ही पंधरा वर्षांची पोर. लहानपणी कुठून तरी आलेली, खेड्यातल्या एका भल्या जोडप्याने वाढविलेली. ती प्रकाशाची भक्त. काळोखाच्या माणसांचा तिला तिटकारा, कारण लहानपणापासून तेच कानी पडलेले. आणि एके दिवशी तिला कळते, की आपण त्याच काळोखाच्या कुळातल्या आहोत. बंधू-भगिनींनो, शाळेच्या वर्गात अचानक आपले कूळ उघडे पडल्यावर पोराच्या चेहऱ्यावर काय येते, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

सायाची पहिली धाव प्रकाशाच्या राजवाड्याकडेच असते. राजपुत्राची ती सेविका होते. तिथे तिच्या ध्यानात येते, की प्रकाशाच्या या अमर लेकरांना मरण नाही, म्हणून दुसऱ्याच्या मरणाचे दुःखही नाही. काळोखाची माणसे मात्र मरतात, पुन्हा जन्म घेतात, एकमेकांसाठी रडतात. त्याच राजवाड्यात प्रकाशदेवाचा धाकटा पुत्र चिहाया बांधून ठेवलेला आहे. घरच्यांना त्याची लाज वाटते. साया त्याला सोडविते. आणि ज्या मृतांच्या देशातून इझानागीने पळ काढला होता, तिथे ही मुलगी त्याच्यासाठी जाते. जुन्या कथेत धोंडा लोटून बंद केलेली ती वाट एक पोर उघडते, ही जागा आम्हास सर्वांत मोलाची वाटली. आमच्याकडे जोतीरावांनी ‘गुलामगिरी’त बळीराजाची कथा बळीच्या बाजूने वाचली, तिची इथे आठवण होते.

तरी एक खटकते. काळोखाला न्याय मिळाला, पण सिंहासन जागचे हलले नाही. १९९१ सालच्या पुढच्या भागात तर प्रकाशदेवाच्या वंशजांचेच राजघराणे राज्य करताना दिसते. त्सुदांनी ज्या गाठीवर बोट ठेवले, ती ओगिवारांनी सैल केली, सोडविली नाही. मात्र या भागात त्यांनी राजपुत्र यामातो ताकेरूच्या पराक्रमकथेचे जे केले, ते धीट आहे. त्याच्या हातची दैवी तलवार इथे शौर्याचे भूषण राहत नाही. तिच्या आगीत त्याच्याच बालमैत्रिणीचे, तोकोचे, गाव जळून जाते. तोको त्याला ठार मारण्याची शपथ घेऊन निघते. तलवारीने जळालेल्यांच्या बाजूने ही वीरकथा सांगितली आहे.

२००८ ते २०१२ या काळात त्यांनी ‘रेड डेटा गर्ल’ ही सहा भागांची मालिका लिहिली. ती आजच्या काळातली आहे. कुमानोच्या डोंगरातल्या देवस्थानात वाढलेली लाजाळू इझुमिको संगणकाला हात लावते आणि तो बंद पडतो. बुद्धधम्म आणि स्थानिक डोंगरपूजा यांच्या मिसळणीतून झालेला, १८७२ साली सरकारने बंद केलेला यामाबुशींचा पंथ या कथेत आहे. आमच्या मते मालिका जरा लांबली आहे. पण मुलांना बहुधा तीच आधी आवडेल.

पुढच्या महिन्यापासून वाचनवर्गात ‘सोराइरो मागातामा’ घ्यायचे ठरले आहे. दर रविवारी एक प्रकरण इंग्रजीतून वाचून मराठीत सांगितले जाईल. साया राजवाड्याकडे गेली ते बरोबर केले का, हा प्रश्न पहिल्या रविवारी मुलांपुढे ठेवू. पालकांनी मागच्या बाकांवर बसावे, आणि मुलांची उत्तरे होईतो मध्ये बोलू नये, एवढी विनंती.