जरा सरकता का, ताई?

 

मागच्या महिन्यात आमच्या गटाची हप्त्याची बैठक होती. पैसे मोजून झाले, वहीवर सह्या झाल्या, चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात एकीनं सहज विचारलं, "गावाबाहेर पडल्यावर तुम्हाला कशाचा जास्त राग येतो?" मग काय विचारता! चहा उकळून आटला तरी बोलणं थांबेना.

एक म्हणाली, रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून घरी जातात आणि अंगठा द्यायची वेळ आली की "आमचा नंबर होता" म्हणून भांडतात. दुसरी म्हणाली, बँकेत आपण खिडकीपाशी कागद भरत असतो आणि मागचा माणूस आपल्या खांद्यावरून हात घालून आपलं पासबुक आत सरकवतो. मोबाइलचं तर विचारूच नका. दवाखान्याच्या बाकावर शेजारी आजारी माणूस कण्हत असतं आणि एखादा पोरगा मोठ्या आवाजात रील बघत हसत असतो. एसटीत खिडकीतून पिचकारी मारणाऱ्याला मागच्या खिडकीत कोण बसलंय हे दिसत नाही. आमच्या एका बहिणीचं लग्नाला नेसलेलं नवं लुगडं त्यात गेलं. डाग अजून तसाच आहे.

पण बोलता बोलता सगळ्यांची गाडी एसटीवरच येऊन थांबली. साहजिक आहे. आपलं निम्मं आयुष्य एसटीत जातं. बाजार, दवाखाना, माहेर, तालुक्याची कचेरी, सगळीकडे एसटीच. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली, तेव्हापासून गावाची वाट याच गाडीनं जाते.

१७ मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट झालं. त्याच्या आधी २०२२ साली ७५ वर्षांवरच्या म्हाताऱ्या माणसांना प्रवास फुकट झाला. फार चांगलं झालं. ज्या बायका तिकिटाचे पैसे मागायचे म्हणून माहेरी जायच्या राहत होत्या, त्या जाऊ लागल्या. गटातल्या दोघी भाजी घेऊन तालुक्याला बसू लागल्या. मात्र त्याबरोबर एक नवी बोलीही आली. "अर्ध्या तिकिटाच्या बायका." गर्दी झाली की हे म्हणायचं. उतरायला वेळ लागला की हे म्हणायचं. आम्ही सांगतो, हे तिकीट कुणी पदरचं घालून देत नाही. उरलेल्या अर्ध्या पैशांची भरपाई सरकार महामंडळाला देतं. जागा पूर्ण, तिकीटही हिशोबात पूर्ण.

आता जी गोष्ट सांगणार आहोत, ती सांगू का नको असं आम्हाला वाटत होतं. तिची परवानगी घेऊनच सांगतोय. नाव सांगत नाही.

आमच्या गटातली एक सून, पहिलटकरीण, सातवा महिना. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या महिन्यात ९ तारीख नेमकी बाजाराच्या दिवशी आली. गाडी खचाखच. महिलांसाठी राखीव असं लिहिलेल्या बाकावर दोन बापे बसलेले, एक खिडकीला डोकं टेकून झोपलेला, निदान डोळे मिटलेला. पोर दांडा धरून उभी. आम्हीही तिघी होतो गाडीत. आमच्यातली एक म्हणाली, "दादा, हिला जरा बसू द्या." तर मागून कुणीतरी बोललं, "अर्ध्या तिकिटात उभंच राहायचं असतं." अख्खी गाडी हसली. कंडक्टरही हसला.

आणि आम्ही? आम्ही पदर सावरून खिडकीबाहेर बघत राहिलो. एकीला तर हसूही आलं होतं, तिनंच नंतर कबूल केलं.

पुढच्या महिन्यात ९ तारखेला ती गेली नाही. सासूनं विचारलं तर म्हणाली, बरं वाटत नाही. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाली, "नको बाई, उभं राहून जायचं आणि वर बोलणी खायची." आम्ही ऐकलं आणि आपापल्या कामाला लागलो. पंधरा दिवसांनी आशाताई घरी गेल्या, तर तोंडावर सूज, डोकं ठणकतंय. त्यांनी लगेच १०२ ला फोन करून गाडी बोलावली. दवाखान्यात रक्तदाब वाढलेला निघाला. ठेवून घेतलं. बाळ थोडं आधी आलं, वजनाला कमी, पण देवाच्या दयेनं आणि डॉक्टर-नर्सबाईंच्या कष्टानं दोघी सुखरूप आहेत.

कुणाच्या बोलण्यानं रक्तदाब वाढला असं आम्ही म्हणत नाही. पण तपासणी चुकली ती त्या हसण्यामुळे चुकली. तपासणी झाली असती तर कदाचित ते आधी कळलं असतं. ज्यानं ते वाक्य टाकलं तो पुढच्या फाट्यावर उतरून गेला असेल. त्याला आठवणारही नाही.

हे झाल्यावर गटात पुन्हा बैठक झाली. त्या दिवशी दुसऱ्यांच्या खोड्या मोजल्या नाहीत. आपल्या मोजल्या. बाई गं, यादी काही लहान निघाली नाही. शेजारच्या जागेवर मेथीची पिशवी आम्ही ठेवतो. गाडी लागायच्या आत खिडकीतून रुमाल, पिशवी, कधी लेकरूच आत टाकून जागा आम्ही धरतो. २० रुपयांच्या तिकिटाला ५०० ची नोट आम्ही काढतो आणि सुट्टे नाहीत म्हटलं की कंडक्टरच्या अंगावर जातो. उतरणाऱ्यांना उतरू न देता दारात आम्हीच शिरतो. एवढ्या गर्दीत दिवसभर तिकिटं फाडणाऱ्या माणसाला कुणी "बसा हो घटकाभर" म्हणतं का? तोही कुणाचा तरी लेक आहे. तरी तो हसला, ते आम्ही विसरलो नाही.

मग दोन कामं केली. एक म्हणजे स्थानकावर जाऊन वाहतूक नियंत्रकांकडे तक्रारीची वही मागितली. आधी म्हणाले उद्या या. आम्ही बाकावर बसून राहिलो. वही आली. गाडीची वेळ, तारीख आणि घडलेलं तेवढंच लिहिलं, शिवीगाळ नाही. एका आजीला सही येत नव्हती, तिनं अंगठा उमटवला.

दुसरं काम सोपं वाटलं होतं, ते अवघड निघालं. ठरवलं की गाडीत राखीव जागेवरच्या माणसाला उठवायचं, पण भांडून नाही. जवळ जायचं आणि म्हणायचं, "दादा, ही गरोदर आहे, जागा द्याल का?" एकटीनं म्हटलं तर आवाज फुटत नाही. म्हणून दोघींनी मिळून म्हणायचं. पहिल्याच खेपेला एक कॉलेजचा पोरगा चटकन उठला. म्हणाला, "काकू, मला दिसलंच नाही, मोबाइलमध्ये होतो." खरंच दिसलं नव्हतं त्याला. कितीतरी माणसं वाईट नसतात, नुसती मान खाली घालून असतात, हे त्या दिवशी कळलं. सगळे असे निघत नाहीत, तेही सांगतो. एकानं तोंड फिरवलं ते तालुका येईपर्यंत फिरवलेलंच ठेवलं.

आणि हो, एखादं माणूस उठून जागा देतं तेव्हा आपण धपकन बसतो आणि शेजारणीशी बोलायला लागतो. त्याच्याकडे बघून दोन शब्द बोलायला काय लागतं? "बरं केलंस बाळा" एवढं पुरतं. तो पोरगा उतरताना आमच्याकडे बघून हसला होता.

आता त्या लेकराला दीड महिना होतोय, लसीला न्यायचंय. दिवस पुन्हा बाजाराचाच आहे. दोघींनी आधी चढून तिच्यासाठी खिडकीतून रुमाल टाकावा की नाही, यावर काल गटात चांगलीच जुंपली. निम्म्या म्हणतात, हीच तर आपली खोड. निम्म्या म्हणतात, लेकरासाठी एवढं चालतं. निकाल लागलेला नाही. तुमच्या गटात काय ठरतं ते आम्हाला पत्रानं कळवा.