सर्टिफिकेटचा पीडीएफ नको, लिंक द्या!

मागच्या महिन्यात टीममध्ये फ्रेशर घ्यायचा होता. नांदेड-लातूरकडून बरेच रेझ्युमे आले. लातूरच्या एका पोराचं एडब्ल्यूएस क्लाउड प्रॅक्टिशनर बघून सहकारी म्हणाला, "मार्कशीटवरच्या नावाशी जुळत नाही. फेक आहे, काढून टाक."

म्हटलं, थांब. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, मग आपलं नाव, मग वडिलांचं. सर्टिफिकेटवर आडनाव शेवटी. फरक एवढाच! त्यावरचा व्हॅलिडेशन नंबर एडब्ल्यूएसच्या साइटवर टाकला, खरं निघालं. दुसऱ्या एकाचा पीडीएफ एकदम चकाचक, पण नंबर भलत्याचाच.

म्हणून नुसत्या कागदावर जाऊ नका. कॉम्पटिया ए प्लसवरही व्हेरिफिकेशन कोड असतो. तारीख बघा: ही दोन्ही 3 वर्षं चालतात, मायक्रोसॉफ्टचं एझेड-900 एक्स्पायर होत नाही.

आणि पोरांनो, रेझ्युमेत बॅजची लिंक टाकाच. क्लास केला असेल तर 'क्लास केला' लिहा, 'सर्टिफाइड' नको.

त्या लातूरच्या पोराला इंटरव्ह्यूला बोलावलं. आता तो आमच्या टीममध्ये आहे. भेटू पुढच्या एपिसोडला!