कानापुढचा सांधा

मंडळी, फराळाची ताटं अजून पुढ्यात आहेत, तेव्हा चकलीला हात घालण्याआधी एक करा. दोन्ही तर्जन्या कानाच्या भोकापुढे टेकवा आणि तोंड सावकाश उघडा-मिटा. बोटाखाली काहीतरी गोल पुढे सरकून मागे येतं ना? तो तुमच्या खालच्या जबड्याचा माथा. ‘कट्’ असा एखादाच आवाज आला तर घाबरू नका. बहुतेकदा सांध्यातली मधली चकती जागेवरून सरकून परत बसत असते. वाळूवर चप्पल घासावी तशी करकर आली, की मात्र आम्ही दंतवैद्य कान टवकारतो. हाड झिजलंय का, ही शंका येते.

पण नुसत्या कानावर विसंबून भागत नाही. 2014 साली जबड्याच्या सांध्याच्या विकारांचे आंतरराष्ट्रीय निदान-निकष प्रसिद्ध झाले. त्यात कबुलीच आहे: करकरीवरून निदान केलं, तर झीज असलेल्या 100 जणांपैकी 55च हाती लागतात, आणि नसलेल्या 100 पैकी 39 जणांच्या कपाळी ती उगाच चिकटते. म्हणून चित्र लागतं.

कुठलं चित्र? दातांच्या बऱ्याच दवाखान्यांत निघतो तो ओपीजी, डोक्याभोवती फिरून घेतलेला एक्स-रे. दातांसाठी उत्तम. या सांध्याची झीज मात्र त्यात 100 पैकी 26 जणांचीच दिसली, एमआरआयमध्ये 59 जणांची. ही 2009 सालच्या अभ्यासातली, सीटी स्कॅनशी ताडून काढलेली संख्या. गंमत अशी, की ओपीजीत झीज दिसली तर ती जवळजवळ नक्की असतेच. दिसली नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

माझ्याकडे एक मावशी आल्या होत्या. आधी कुणीतरी ओपीजी पाहून ‘सांधा ठीक आहे, टेन्शन घेऊ नका’ म्हणून बोळवण केलेली. सीबीसीटी काढला. यात हाडाचे अगदी पातळ काप पाहता येतात. माथ्याचा काठ उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखा, आणि पुढे हाडाची चोच आलेली. काठ खाल्लेला, चोच वाढलेली, हाडात पोकळ्या किंवा आतपर्यंत पसरलेला पांढुरका कडकपणा, यातलं काही असेल तरच आम्ही झीज म्हणतो. माथा नुसता चपटा झाला, एवढ्यावर नाही. चकती मात्र सीबीसीटीत दिसत नाही, तिच्यासाठी एमआरआय.

चोच पाहून मावशींचा चेहरा उतरला. तेव्हा मी त्यांना सांगितलं, की याहून वाईट चित्रं असलेली माणसं बिनतक्रार चिक्की फोडताना मी पाहिली आहेत. चित्राचं आणि दुखण्याचं माप एक नसतं. मऊ जेवण, शेक, थोडी औषधं आणि व्यायाम, एवढ्यावर काही महिन्यांत दुखणं ओसरलं. मग त्यांचा हट्ट, “डॉक्टर, चोच गेली का बघायला परत फोटो काढा ना.”

मी काढला नाही. चोच तिथेच असणार होती. त्यांना तोंड उघडून तीन बोटं उभी धरायला सांगितली. मावली.