वसतिगृहात जॅमर?



मुलाच्या मोबाईलवेडाला कंटाळलेल्या एका पालकांनी मला विचारले, "सर, वसतिगृहात जॅमर का बसवत नाही?"

जेईईच्या केंद्रांवर तो असतो खरा. वायफायची यंत्रे शहाण्या मुलांसारखी. दुसरा बोलत असला की थांबतात. जॅमर म्हणजे सतत ओरडणारा मुलगा. शहाण्यांची पाळीच येत नाही. बोलले तरी शब्द बुडतात, पुन्हा सांगावे लागतात. वेग घटतो, शेवटी संपर्क तुटतो. मोबाईलच्या जॅमरखाली टॉवरचाच आवाज बुडतो. त्याला भिंत कळत नाही, निकडही नाही. रात्री एखादे पोर तापाने फणफणले, तर १०८ ला फोन लागायचा नाही. शिवाय सरकारी परवानगीविना जॅमर वापरणे बेकायदा, असे दूरसंचार विभागाने २०२२ साली बजावले आहेच.

मी त्यांना म्हटले, रात्री फोन रेक्टरांच्या कपाटात ठेवू. चावी तुम्ही मागू नका म्हणजे झाले!