पिस्तुलाची मूठ आणि माणसाचा हात

खंडेनवमीच्या दिवशीं महाराष्ट्रांत शस्त्रांची पूजा होते आणि त्याच पाटावर सुताराची पटाशी व सोनाराची हातोडीहि मांडली जाते. हत्यार आणि अवजार या दोहोंना एकाच दिवशीं हळदकुंकू वाहणाऱ्या समाजानें एक गोष्ट फार पूर्वींच ओळखली होती. ती ही कीं, दोहोंचा गुण शेवटीं तें धरणाऱ्या हातावर अवलंबून असतो. हौसेनें पिस्तूल घडविणें आणि हौसेनें नेम मारणें हा छंद या दोहोंच्या सीमेवर उभा आहे. या छंदांत माणसानें काय घडवावें आणि काय घडवूं नये, याचा विचार आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे.

बुलढाणा जिल्ह्यांतील एखादा तरुण कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. चांदीच्या बाजारपेठेसाठीं नांवाजलेल्या खामगांवांत तो राहतो. कानस, रंधा आणि लेथ यांची त्याच्या हाताला संवय आहे. वर्तमानपत्रांतून नेमबाजांच्या पदकांच्या बातम्या वाचून त्याला या खेळाची ओढ लागली आहे. चांगल्या पिस्तुलाची किंमत ऐकून तो प्रथम दचकतो. मग त्याच्या मनांत येतें कीं, यंत्र आहे, पोलाद आहे, नुसतें चित्र पाहून वस्तु करण्याचें कसब आहे. मग पिस्तूलच कां करूं नये?

या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें स्पष्ट दिलें आहे. १९५९ सालच्या शस्त्रकायद्याप्रमाणें परवान्यावांचून बंदूक किंवा पिस्तूल तयार करणें हा गुन्हा आहे. २०१९ सालीं त्या कायद्यांत जी सुधारणा झाली तिनें या गुन्ह्यास कमींत कमी सात वर्षांची कैद आणि अधिकांत अधिक जन्मठेप अशी शिक्षा ठेवली आहे. वस्तु हौसेनें केली, कोणावर रोखली नाहीं, कपाटांतच पडून होती, या सबबींनीं गुन्हा नाहींसा होत नाहीं. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी पदार्थविज्ञान बाजूला ठेवतां येत नाहीं. कारखान्यांतील नळी नेहमींपेक्षां अधिक दाबाचा बार काढून पारखली जाते; घरीं केलेल्या नळीची पहिली पारख करणाराच्या स्वतःच्या मुठींत होते. ती फुटली तर बोटें जातात, डोळे जातात. ज्या बोटांना चांदीवर बारीक नक्षी काढतां येते त्यांची किंमत एका गावठी कट्ट्याहून कितीतरी अधिक आहे.

परंतु म्हणून या तरुणाच्या हौसेला वावच नाहीं, असें मात्र नाहीं. नेमबाजीच्या खेळांत हवेच्या दाबावर चालणाऱ्या पिस्तुलाला मानाचें स्थान आहे. त्यांत दारू नसते. दाबलेली हवा शिशाचा लहानसा छर्रा बाहेर फेंकते. २०१६ सालच्या शस्त्रनियमांप्रमाणें ४.५ मिलिमीटर नळीचें आणि २० ज्यूलहून कमी जोराचें असें पिस्तूल परवान्यावांचून बाळगतां येतें. १९८८ पासून हा प्रकार ऑलिंपिकमध्यें आहे, आणि २०२४ सालीं पॅरिस येथें मनू भाकर हिनें याच प्रकारांत कांस्यपदक मिळविलें.

स्पर्धेचे नियम मोजके परंतु काटेकोर आहेत. पिस्तूल दीड किलोग्रॅमहून जड असतां कामा नये. ४२० मिलिमीटर लांब, २०० उंच आणि ५० रुंद अशा पेटींत तें मावलें पाहिजे. चाप निदान ५०० ग्रॅमांचा भार सहन करील इतका घट्ट हवा. पिस्तूल एकाच हातानें धरावें लागतें आणि मनगटाला कसलाहि आधार चालत नाहीं. लक्ष्य १० मीटरांवर असतें. त्यांतील दहा गुणांचें वर्तुळ अवघें ११.५ मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे आजच्या रुपयाच्या नाण्याच्या सुमारें निम्म्या रुंदीचें असतें. पंचाहत्तर मिनिटांत असे ६० छर्रे मारावयाचे असतात.

या खेळाचें मर्म एका साध्या त्रैराशिकानें समजतें. मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचें अंतर सुमारें ३३ सेंटिमीटर धरलें, तर लक्ष्याचें अंतर त्याच्या तीसपट होतें. सबंध हात १ मिलिमीटर बाजूला सरकला, परंतु माशी खाचेच्या बरोबर मध्यें राहिली, तर छर्रा लक्ष्यावर १ मिलिमीटरच चुकतो. दहा गुण कायम राहतात. उलट हात जागच्या जागीं असून माशीच खाचेंत १ मिलिमीटर कलली, तर लक्ष्यावरची चूक ३० मिलिमीटरांची होते आणि दहाचे सातच गुण हातीं येतात. हाताचा थोडासा कंप मोठमोठ्या नेमबाजांनाहि टळत नाहीं आणि तो क्षम्य आहे. मनगटाचा कल क्षम्य नाहीं. म्हणूनच नेमबाजाची नजर माशीवर खिळलेली असते व लक्ष्य त्याला अंधुक दिसतें. नवशिक्याला हें उफराटें वाटतें, आणि तो लक्ष्याकडे टक लावून पाहतां पाहतां माशी हरवून बसतो.

मनगट कलूं नये यासाठीं पिस्तुलाची मूठ हाताला तंतोतंत बसावी लागते. दोन माणसांचे तळहात सारखे नसतात. तेव्हां कारखान्यांतून आलेली लांकडी मूठ कोणालाच पूर्णपणें बसत नाहीं. येथें आपल्या तरुणाच्या कानशीला आणि काचकागदाला कायदेशीर काम मिळतें. नळीला, चापाला, हवेच्या टाकीला हात न लावतां तो केवळ मूठ घडवितो. मुठीवर खडूची भुकटी चोळून ती घट्ट धरली कीं, जेथें लांकूड हाताला अधिक दाबतें तेथली भुकटी निघून जाते. तेथें जरासें खरवडावें. जेथें पोकळी राहते तेथें लांकडाचा लगदा भरावा. मग डोळे मिटून हात उचलावा आणि स्थिर झाल्यावर डोळे उघडावे. माशी प्रत्येक वेळीं खाचेंत मध्यें दिसली तर मूठ बसली; नेहमीं उजवीकडेच दिसली तर मूठ किंवा उभें राहण्याची ढब यांत दोष आहे. एकदां खरवडलेलें लांकूड परत येत नाहीं, म्हणून हें काम आठवडेच्या आठवडे चालतें. मुठीची कड मनगटापर्यंत वाढवून आधार घेण्याचा मोह कित्येकांना होतो. परंतु तपासणींत तें पिस्तूल नियमबाह्य ठरतें.

मूठ तयार झाली तरी अर्धेंच काम झालें. उरलेलें अर्धें पांढऱ्या भिंतीसमोर होतें. पिस्तुलांत छर्रा न भरतां, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, श्वास अर्धा सोडून चाप हळूहळू मागें घ्यावयाचा आणि त्या क्षणीं माशी हलते कीं काय हें पाहावयाचें. इतकाच हा सराव. यांत आवाज नाहीं, खर्च नाहीं आणि कोणी शाबासकी देणाराहि नाहीं. परंतु चाप झटक्यानें ओढण्याची खोड येथेंच मोडते. छर्रे मारावयाचे असतील तर १० मीटरांचें मोकळें अंतर, छर्रा अडविणारी भक्कम पेटी आणि मध्यें कोणी येणार नाहीं असा बंदोबस्त, या तीन गोष्टींवांचून सुरुवात करूं नये. पिस्तुलाचें तोंड सदैव लक्ष्याकडे असावें आणि बोट चापावर नेम धरल्यानंतरच जावें. हवेचा छर्रा झाला तरी डोळा फोडण्यास तो पुरेसा असतो.

हात घडवितां येतो याचें जगांतील सर्वांत ठळक उदाहरण हंगेरीच्या कारोली टाकाच याचें आहे. तो सैन्यांत होता आणि उजव्या हाताचा निष्णात नेमबाज होता. १९३८ सालीं हातांतच बाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्यानें डाव्या हातानें नव्यानें आरंभ केला. उजव्या हाताची मूठ डाव्या हाताला चालत नाहीं, आणि उजव्या हाताची संवयहि डाव्याला उसनी मिळत नाहीं. सर्व कांहीं पहिल्यापासून करावें लागलें. १९४८ सालीं लंडन येथें आणि पुन्हां १९५२ सालीं हेलसिंकी येथें, २५ मीटरांच्या जलद पिस्तूल स्पर्धेंत ऑलिंपिकचें सुवर्णपदक त्यानें डाव्या हातानें जिंकलें.

इतक्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. कोल्हापूरची राही सरनोबत २५ मीटरांच्या पिस्तुलांत २०१३ सालीं चांगवन येथें विश्वचषक स्पर्धेचें सुवर्णपदक मिळवून आली. पुढें कोपराच्या दुखापतीनें तिला फार मागें खेंचलें. तरी २०१८ सालीं पालेमबांग येथील आशियाई स्पर्धेंत ती अंतिम फेरीस पोंचली. तेथें तिचे आणि थायलंडच्या स्पर्धक महिलेचे सारखेच, ३४ गुण झाले. पांच गोळ्यांची जादा फेरी झाली, तींतहि बरोबरी झाली. दुसऱ्या जादा फेरींत राहीनें तीन गोळ्या अचूक मारल्या, प्रतिस्पर्धी महिलेनें दोन. या एका गोळीच्या फरकानें आशियाई स्पर्धेंत नेमबाजीचें सुवर्णपदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्या फेरींत दोघींचीं पिस्तुलें निर्दोषच होतीं. फरक झाला तो हातांत.

कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीसारख्या लहान गांवाचा स्वप्नील कुसाळे २०२४ सालीं पॅरिसहून रायफलचें कांस्यपदक घेऊन आला. तेव्हां खामगांव, चिखली किंवा मेहकर येथल्या मुलानें ही ओढ बाळगली तर त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. अशा मुलाच्या घरच्यांनीं मात्र दोन गोष्टी टाळाव्या. त्याच्या हातांत कानस आणि डोळ्यांत पिस्तूल पाहून घाबरून त्याला झिडकारूं नये. आणि 'पोरगा कांहींतरी खटपट करतो आहे' असें म्हणून त्याच्या लेथकडे डोळेझांकहि करूं नये. त्याला जवळ बसवून कायदा सांगावा, एखाद्या जाणत्या शिक्षकाची गांठ घालून द्यावी, आणि एक बरें लांकूड आणून द्यावें. नळी घडविण्याचा हट्ट सोडून त्यानें मूठ घडविण्यास घेतली, म्हणजे तुरुंगाकडे जाणारी वाट मागें पडते आणि रोज तासभर पांढऱ्या भिंतीसमोर उभें राहण्याची वाट सुरू होते. ती वाट पदकापर्यंत सर्वांना नेत नाहीं. परंतु श्वास, नजर आणि बोट हीं तिन्ही आपल्या ताब्यांत ठेवण्याची विद्या ती देते, आणि ही विद्या नेम मारण्याव्यतिरिक्तहि आयुष्यांत पुष्कळ ठिकाणीं उपयोगी पडते.